मर्यादेची मशागत

सन १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्याचे विघटन झाले, तेव्हा त्या घटनेचा अतिशय जबर तडाखा ज्या देशांना बसला त्यांत हजारो मैल दूर असलेल्या क्यूबा या बेटाचा समावेश होता. ऊस पिकवावा, साखर सोव्हिएत गोटाला चढ्या भावाने विकावी आणि त्या मोबदल्यात खनिज तेल, रासायनिक खते, यंत्रे व धान्य आणावे, अशा एकाच व्यवहारावर त्या देशाचा प्रपंच कित्येक वर्षे चालला होता. तो व्यवहार बंद पडताच ट्रॅक्टर जागच्या जागी उभे राहिले, खतांची आवक आटली आणि ज्या काळाला तेथील सरकारने ‘विशेष कालखंड’ असे नाव दिले, त्या काळात सामान्य माणसांची वजनेही उतरली. निरुपायाने नांगराला पुन्हा बैल जुंपण्यात आले, राजधानी हवानातील पडीक भूखंडांवर वाफे बांधून नागरिकांनी भाजीपाला काढण्यास प्रारंभ केला, सरकारने सरकारी जमिनी कसू इच्छिणाऱ्यांच्या हवाली केल्या, आणि ऑस्ट्रेलियातून आलेल्या काही कार्यकर्त्यांनी त्यांना पर्माकल्चर नावाची एक पद्धती शिकविली. एवढ्याने क्यूबा अन्नधान्याच्या बाबतीत स्वावलंबी झाला, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. तो देश आजही आपले बरेचसे धान्य बाहेरूनच आणतो. तथापि सारा भार एकाच खांबावर टाकलेली व्यवस्था किती झपाट्याने कोसळते, आणि कोसळल्यानंतर माणसे ज्या लहानसहान आधारांकडे वळतात ते आधीपासून उभे असते तर केवढी हानी टळली असती, याचा तो एक धडाच होता.

संकटात तग धरणारी गावे आणि नगरे घडवावयाची तर ती कोणत्या तत्त्वांवर, हा प्रश्न आज हवामानाच्या लहरीपणामुळे सर्वांपुढेच उभा आहे, आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्यांपैकी अनेकांची पावले याच पर्माकल्चरकडे वळतात. या पद्धतीचा जन्म ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटावर झाला. तेथील स्टॅन्ली या किनाऱ्यावरील लहानशा गावी १९२८ साली जन्मलेल्या बिल मॉलिसन यांनी मासेमारी, खलाशीकाम, जंगलकाम असे नाना उद्योग केले, वन्य प्राण्यांच्या सर्वेक्षणात कित्येक वर्षे घालविली आणि अखेर होबार्ट येथील विद्यापीठात अध्यापकाची जागा पत्करली. १९७४ साली त्यांची गाठ डेव्हिड होमग्रेन या विशीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्याशी पडली. आदल्याच वर्षी अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतल्यामुळे, खनिज तेलावर पोसलेली शेती किती परावलंबी आहे याची जाणीव पाश्चात्त्य जगास नुकतीच झाली होती. दोघांच्या चर्चेतून १९७८ साली ‘पर्माकल्चर वन’ हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढे मॉलिसन यांनी देशोदेशी फिरून या विषयाचे वर्ग चालविले, तर होमग्रेन यांनी व्हिक्टोरिया प्रांतातील आपल्या लहानशा जमिनीवर प्रयोग करीत २००२ साली त्याची बारा तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली. मॉलिसन १९८० च्या दशकात भारतातही येऊन गेले, आणि या चळवळीचे आंतरराष्ट्रीय संमेलन २०१७ साली हैदराबादेत भरले.

या पद्धतीचा पाया एका निरीक्षणावर उभा आहे. जंगलाला कोणी खत घालीत नाही, नांगरीत नाही, फवारीत नाही. तरीही ते पिढ्यान्पिढ्या उभे राहते, याचे कारण त्यातील प्रत्येक घटकाचा टाकाऊ अंश दुसऱ्या कोणत्या तरी घटकाचे अन्न होतो आणि पडलेले पाणी बाहेर निसटण्यापूर्वी अनेकांच्या उपयोगी पडते. हीच घडण माणसाच्या घराभोवती, शेतात आणि वस्तीत बुद्धिपुरस्सर उतरविणे, म्हणजे पर्माकल्चर होय. त्यासाठी प्रथम जागेचे वर्तुळाकार पट्टे कल्पिलेले असतात: घर हे केंद्र, त्याच्या निकट रोज लागणाऱ्या भाज्या व औषधी, त्यापुढे फळझाडे आणि कोंबड्या, त्याही पलीकडे मुख्य पिके, मग लाकूड व चारा देणारे रान, आणि सर्वांत बाहेर, जेथे माणसाने केवळ पाहुणा म्हणून जावे, असा अस्पर्श प्रदेश. ज्याच्याकडे वारंवार जावे लागते ते जवळ, ज्याच्याकडे क्वचित जावे लागते ते दूर, एवढाच त्यामागील हिशेब आहे. आपल्याकडील जुन्या गावाची मांडणी आठवली, तर पांढरीतील घर, त्यामागचे परसू, मळा, जिरायत काळी, गायरान आणि कोठे कोठे राखलेली देवराई हा क्रम या कल्पनेच्या पुष्कळ जवळ जातो, हे सहज ध्यानात येईल.

दुसरी गोष्ट अशी की, प्रत्येक वस्तूने एकाहून अधिक कामे करावीत आणि प्रत्येक महत्त्वाचे काम एकाहून अधिक वस्तूंनी साधावे. कोंबडी अंडी देते, त्याचबरोबर कीड वेचते, माती उकरते आणि खतही पुरविते. तिला केवळ अंड्यांचे यंत्र मानून पिंजऱ्यात कोंडले की तिची उरलेली तिन्ही कामे पैसे मोजून दुसऱ्याकडून करवून घ्यावी लागतात. उलटपक्षी, पिण्याचे पाणी हे जर जीवनावश्यक काम असेल, तर ते विहीर, छपरावरून साठविलेले पाणी आणि तलाव अशा तीन-चार मार्गांनी मिळण्याची तजवीज असावी, म्हणजे एक मार्ग खुंटला तरी हाहाकार होत नाही. क्यूबाच्या अनर्थाचे मूळ नेमके या दुसऱ्या अर्ध्या भागाच्या विस्मरणात होते. पाण्याविषयी या पद्धतीचा सांगावा असा की, ते माथ्यापासूनच धरावे, त्याचा वेग मोडावा, ते पसरवावे आणि जमिनीत मुरवावे. उतारावर समान पातळीने खणलेले चर हे त्याचे साधन, आणि महाराष्ट्रातील मृद्‌संधारणाच्या सरकारी दप्तरातही ‘सलग समतल चर’ या नावाने त्याच जातीचे काम नोंदलेले आढळते.

ही तंत्रे आकर्षक आहेत, शिकण्यास सोपी आहेत आणि म्हणूनच या विषयावरील बहुतेक पुस्तके त्यांनीच भरलेली असतात. परंतु होमग्रेन यांच्या बारा तत्त्वांपैकी जे चौथे, त्याकडे वाचकांचे लक्ष क्वचितच जाते. ते असे सांगते की, माणसाने स्वतःवर नियंत्रण घालावे आणि परिस्थितीकडून मिळणारा कौल मान्य करावा. पर्माकल्चरच्या तीन नैतिक सूत्रांतही पहिले धरणीची काळजी घेण्याचे, दुसरे माणसांची काळजी घेण्याचे आणि तिसरे उपभोगास सीमा घालून अधिक उरेल ते वाटून देण्याचे आहे. परसातील वाफा एकट्याने घालता येतो. परंतु नदी, भूजल, गायरान आणि डोंगर हे एकट्याचे नसतात, आणि एखादी वस्ती दुष्काळात टिकणार की उठणार, हे अखेर या सामायिक धनाच्या वापरावरून ठरते. म्हणून माझ्या मते पर्माकल्चरचा खरा मर्मभाग त्याच्या बागकामात नसून या चौथ्या तत्त्वात आहे, आणि समाजाच्या दृष्टीने पाहता उरलेली अकरा तत्त्वे त्याच्या आधाराने उभी आहेत.

या विचाराला नगराच्या पातळीवर नेण्याचा एक प्रयत्न युरोपात झाला. रॉब हॉपकिन्स या पर्माकल्चरच्या शिक्षकाने आयर्लंडमधील किन्सेल या गावी आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने २००५ साली, खनिज तेलावरील अवलंबन टप्प्याटप्प्याने कसे कमी करता येईल याचा एक आराखडा रचला. आणि पुढच्या वर्षी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉटनेस या लहानशा शहरात त्याच विचाराची संघटित चळवळ सुरू केली. तेथे सामायिक बागा झाल्या, घरोघरी इंधनबचतीचे गट बनले, पैसा गावातच फिरावा म्हणून २००७ साली स्थानिक चलनी नोटाही निघाल्या. त्या नोटांचा व्यवहार २०१९ साली बंद झाला, तरी चळवळीचे अनुकरण इतर अनेक देशांतील गावांनी केले. मात्र अशा उपक्रमात सामील होणे सर्वस्वी ऐच्छिक असल्यामुळे, ज्याला नको त्याने बाहेर राहावे आणि पूर्वीप्रमाणेच उपभोग घ्यावा, यास तेथे मज्जाव नसतो. सामायिक पाण्याच्या बाबतीत अशी मुभा परवडत नाही, आणि पाण्याचे नियम पाहावयाचे तर आपल्याला खानदेशाकडे वळावे लागेल.

धुळे आणि नाशिक या जिल्ह्यांत, तापीच्या खोऱ्यातील पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर, तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून फडपद्धती नावाची सिंचनव्यवस्था चालत आली आहे. नदीवर दगडी बंधारा घालावा, त्यापासून कालवा काढावा, कालव्यातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत पाट न्यावेत, आणि अधिक झालेले पाणी सांडव्यावाटे पुन्हा नदीस मिळावे, अशी तिची स्थापत्यदृष्ट्या सरळ रचना आहे. विलक्षण आहे तो तिचा कारभार. बंधाऱ्याखालील कायम बागाईत जमीन साधारणतः चार फडांत विभागलेली असते, आणि यंदा कोणत्या फडाला पाणी द्यावयाचे, कोणता पडीक ठेवावयाचा आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, हे जमिनीचा मालक एकटा ठरवीत नाही, तर गाव ठरविते. एका फडात एकच पीक, हा नियम. त्यामुळे सर्वांची तहान एकाच वेळी लागते आणि एकाच पाळीने भागते. शेजाऱ्याने ज्वारी पेरली असता आपण मध्येच ऊस लावून त्याच्या वाट्याचे पाणी ओढण्याची सोयच राहत नाही. आणि फडांतून पीक आळीपाळीने फिरत असल्यामुळे जमिनीचा कस टिकतो व ती पाणथळ वा खारपड होण्याचे भयही कमी राहते.

हा बंदोबस्त राबविण्यासाठी पंचांच्या हाताखाली नोकरवर्ग असे. पाटकरी पाणी वाटतो, बारेकरी ते प्रत्यक्ष शेतात भरतो, जागल्या पिकांची राखण करतो आणि हवालदार या सर्वांवर देखरेख ठेवतो. आणि त्यांचा मुशाहिरा धान्यरूपाने, खातेदारांनी आपापल्या पिकातून द्यावयाचा. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतास स्वतःच्या हाताने पाणी न देता, ज्याचे स्वतःचे पीक तेथे नाही अशा त्रयस्थाने ते द्यावे, ही योजना मनुष्यस्वभावाच्या बारकाव्यांची जाण असलेल्या कोणा अनामिकांनी केली असली पाहिजे. पाऊस चांगला झाला तर अधिक फड भिजवावेत, कमी झाला तर त्यांची संख्या घटवावी. परिस्थितीचा कौल मान्य करण्याचे जे तत्त्व होमग्रेन यांनी ग्रंथात लिहिले, ते येथे रयतेच्या वहिवाटीत कित्येक पिढ्या आधीच नांदत होते.

तरीही या व्यवस्थेचे पोवाडे गाताना तिच्या उणिवांवर पांघरूण घालणे उचित होणार नाही. फडाचे पाणी जमिनीच्या मागे जात असे. ज्याच्याजवळ जमीन नाही त्याच्या वाट्याला पाणी नव्हे, केवळ चाकरी येई. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप बसले, ज्याला त्याला आपापले पाणी उपसता येऊ लागले, आणि ज्या परस्परावलंबनाच्या धाकाने नियम पाळले जात तो धाकच ओसरल्याने अनेक ठिकाणी ही पद्धती क्षीण झाली. सीमा घालणे एवढेच पुरेसे नाही. त्या सीमेच्या आतील वाटणी सर्वांना न्याय्य वाटली पाहिजे, हे त्यावरून उमगते.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात झाला. विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते आणि उद्योजक. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे पाहून अस्वस्थ झालेल्या या गृहस्थाने नायगाव येथे देवस्थानची ४० एकर उजाड जमीन खंडाने घेतली, उतारावर बांधबंदिस्ती केली, पायथ्याशी पाझर तलाव व विहीर करून त्या माळावर पीक उभे करून दाखविले, आणि ग्रामगौरव प्रतिष्ठानच्या द्वारा पाणी पंचायतीची चळवळ चालविली. तिच्या नियमांत एक क्रांती दडलेली होती. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता माणसांच्या संख्येवर द्यावयाचे: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंब कितीही मोठे असले तरी अडीच एकरांहून अधिक नाही. भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा. उसासारख्या तहानलेल्या पिकास बंदी. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलावयाचा, म्हणजे ती परक्याची देणगी न राहता घरची मिळकत ठरते. ‘अधिक उरेल ते वाटावे’ हे पर्माकल्चरचे सूत्र वाटणारा उदार असेल या भरवशावर अवलंबून राहते. पाणी पंचायतीने वाटणी आधी ठरविली आणि उपभोग मागाहून, त्यामुळे औदार्याची प्रतीक्षा करण्याचे कारणच उरले नाही.

तिसरे उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावचे. पर्जन्यछायेतील या गावी पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, तरुण कामासाठी परागंदा. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, आणि राळेगण सिद्धीच्या धर्तीवर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. डोंगरावर समतल चर खणले गेले, नाल्यांवर बांध पडले. एवढे काम तर अन्यत्रही झाले आहे. हिवरे बाजारचे वैशिष्ट्य त्यापुढील पायरीत आहे. सिंचनासाठी कूपनलिका घ्यावयाची नाही असे गावाने ठरविले. उसाला व केळीला मज्जाव केला. आणि दरवर्षी पाऊस सरल्यावर, किती पडला, किती मुरला, विहिरींत पातळी किती आहे यांचे मोजमाप घेऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याचा व त्यानुसार रब्बीची पिके ठरविण्याचा प्रघात पाडला. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम, शेती त्यानंतर. फडपद्धतीत जो अंदाज पंचांच्या नजरेवर सोडलेला होता, त्याला येथे आकड्यांची जोड मिळाली. आणि आकडा सर्वांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे नियम मोडू पाहणाऱ्याचा हात धरणेही सोपे झाले. चराईबंदीचा भार गुरे-शेळ्या पाळणाऱ्यांवर पडू नये, म्हणून राखलेल्या रानातील गवत कापून नेण्याची मुभा ठेवण्यात आली, आणि त्याच गवतावर गावचा दुधाचा धंदा वाढला. मर्यादा पाळणाऱ्याच्या पदरात काही पडले, तरच ती मर्यादा टिकते, या व्यावहारिक सत्याचा तो दाखला आहे.

यावर काही आक्षेप संभवतात, आणि ते पोकळ नाहीत. पर्माकल्चरच्या शेतीला मनुष्यबळ पुष्कळ लागते. मोठ्या क्षेत्रावरील तिच्या उत्पन्नाचे काटेकोर, तौलनिक मोजमाप अद्याप तुटपुंजे आहे. आणि शहरातील हौशी माणसाच्या अर्ध्या एकरावरील यशावरून कोट्यवधींच्या अन्नाचा प्रश्न सुटेल असे म्हणणे धाडसाचे होईल. हिवरे बाजारसारख्या गावांविषयी असाही प्रश्न विचारला जातो की, नेतृत्व बदलले तर काय? नायगाव असो की हिवरे बाजार, तेथील कामगिरी व्यक्तींच्या नावाने ओळखली जाते, हे खरे आहे. परंतु फडपद्धती कोणी सुरू केली त्यांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत, तरी ती शतकानुशतके चालली. कारण तेथे नियम वहिवाट बनले होते, चाकरांचे वेतन ठरलेले होते आणि दरवर्षीचा निर्णय घेण्याची जागाही ठरलेली होती. व्यक्तीच्या प्रभावाचे रूपांतर संस्थेच्या कामकाजात करणे, हाच नेतृत्वाच्या प्रश्नावरील उतारा होय.

मग आजच्या गावाने, किंवा टँकरवर जगणाऱ्या शहरातील एखाद्या गृहरचना संस्थेने, प्रारंभ कोठून करावा? उत्साही मंडळी बहुधा रोपे आणण्यापासून करतात, आणि ते वाईट नाही. परंतु त्याआधी तीन गोष्टी कागदावर मांडल्या, तर त्या रोपांना दीर्घायुष्य लाभेल. आपल्या हद्दीत पाऊस किती पडतो आणि आपण वापरतो किती, याचा जमाखर्च. पाणी, अन्न व इंधन यांपैकी प्रत्येकासाठी आपण किती मार्गांवर विसंबून आहोत, त्याची यादी. आणि तुटवडा पडलाच तर प्रथम कोणाचा वापर किती कमी होईल, याविषयीचा सर्वांच्या सह्यांचा ठराव. पहिल्या दोन कामांसाठी एखादा अभियंता साहाय्य करू शकेल, तिसऱ्यासाठी मात्र शेजाऱ्याशी बोलावे लागते, आणि ते सर्वांत अवघड आहे.

हे बोलणे केव्हा व्हावे, याचे उत्तरही वरील तिन्ही उदाहरणांत आहे. फड ठरतात ते पेरणीपूर्वी, पाणी पंचायतीत वाटणी ठरते ती योजनेचे पाणी येण्यापूर्वी, आणि हिवरे बाजारात ताळेबंद मांडला जातो तो विहिरींत पाणी असतानाच. दुष्काळ दारात आल्यावर केलेला नियम म्हणजे बळवंतांनी दुर्बळांवर काढलेला हुकूम ठरण्याचा संभव फार, कारण तोवर ज्याच्याकडे खोल विहीर आहे त्याने आपली सोय केलेली असते. सुकाळात मात्र उद्या आपल्यापैकी कोणाची विहीर आटणार हे कोणालाच माहीत नसते, आणि त्या अज्ञानातच न्यायाने वागण्याची संधी असते. म्हणून ज्या वर्षी पाऊस मनासारखा झाला असेल, ओढे वाहत असतील आणि मर्यादेची गोष्ट काढणारा माणूस सर्वांना थोडासा विक्षिप्त वाटत असेल, त्याच वर्षी ग्रामसभा बोलावून नियम लिहून काढावेत; समतल चर त्यानंतर खणले तरी चालतील.